पत्र्याचा उजवा कोपरा

थावराभाऊ,

तुझ्या मातीला मी आलो होतो. तुमच्या बंजारा तांड्याच्या माणसांत मागे उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता पायीच उमरखेडला परतलो. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. म्हणाले, "शाळेच्या वार्षिकात थावरावर चार ओळी लिहा. आपली भांडी कोरणारा कारागीर गेला, एवढं पुरे." मी हो म्हणालो. मी नेहमीच हो म्हणतो, तुला माहीत आहे. मग कागद पुढ्यात घेतला आणि 'भांडी कोरणारा' एवढं लिहून हात थांबला. तीन दिवस तो कागद तसाच होता.

भांडी कोरणारा, हे काही खोटं नाही. बाजारात कासाराच्या दुकानापुढच्या ओट्यावर मांडी घालून तू जन्मभर लोकांच्या घागरींवर, परातींवर, तांब्यांवर नावं घातलीस. कुणाच्या मामाकडून, कुणाच्या आत्याकडून, लग्नात, बारशाला. उमरखेडात आज असं घर सापडायचं नाही की जिथे पाण्याच्या भांड्यावर तुझं अक्षर नाही. पण गावाला माहीत नाही ते वेगळंच आहे. शाळेच्या हॉलमध्ये जी तसबीर लागली आहे, जिच्याखाली माझं नाव आहे, जिच्यासाठी मला नागपूरचं पदक मिळालं, ती तू कोरलेली आहे. ती माझी म्हणून याच वार्षिकात छापून आली होती. म्हणून हे याच वार्षिकात सांगतो. चार ओळींत मावणार नाही.

तुझी-माझी ओळख त्या फ्रेंच सरदारांनी करून दिली. छप्पन साल सरत आलं होतं. आपला भाग नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि शाळेचे नवे शिक्के यायचे होते. यवतमाळला कापसाच्या गठाणी घेणारा एक परदेशी साहेब बंगला रिकामा करून गेला, तेव्हा हेडमास्तरांनी त्याचं सागवानी कपाट शाळेसाठी आणलं. कपाटाच्या तळाशी फितीनं बांधलेला पुठ्ठ्यांचा बस्ता निघाला आणि त्यात तेवीस छापील तसबिरी. साहेबानं इंग्रजीत टंकलेली यादी सोबत होती, म्हणून कळलं की ही तीनशे वर्षांपूर्वीची फ्रान्सच्या दरबारातली माणसं. सरदार, त्यांच्या बायका, दोन धर्मगुरू, एक सेनापती. प्रत्येक जण लांबट गोल चौकटीत बसलेला, खाली त्याच्या घराण्याची निशाणी. मी ड्रॉइंग मास्तर, म्हणून त्या माझ्या गळ्यात पडल्या. कागदाला कसर लागली होती. एका रविवारी मी त्या व्हरांड्यात उन्हात मांडल्या आणि उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवले.

त्याच दिवशी तू शाळेच्या नव्या पितळी पिंपांवर नाव घालायला आला होतास. पाणी प्यायला म्हणून उठलास आणि तिथंच थबकलास.

"मास्तर, हे कोन लोक हायत?"

"फ्रान्सचे सरदार."

"अन् याच्या डोक्शावर काय हाय? मेंढरू?"

"केसांचा टोप आहे. तिकडे मोठी माणसं घालायची."

"बाप रे! आमच्या अख्ख्या तांड्यातल्या बायाइचे केस कापले तरी या एका सायबाचं डोक्शं नाही भरत."

मी हसलो. तू मात्र हसायचा थांबला होतास. उकिडवा बसलास, नाक कागदाला लागेल इतका वाकलास आणि बराच वेळ तसाच राहिलास. मग म्हणालास, "हे कोनंतरी कोरलं हाय, मास्तर."

"नाही रे. छापलेलं आहे."

"छापेल हाय, पन आधी कोरेल हाय. धातूवर. अन् ठोकून नाही कोरलं, ढकलून कोरलं. ठोकलं असतं तं रेघ तुटक आली असती. हे पाहा, गालावर बारीक निंगाली, मंधात फुगली अन् डोयापाशी पुन्हा सुईवानी झाली. हात नाही उचलला त्यानं."

थावराभाऊ, मी नागपूरला चित्रकलेच्या परीक्षा पास झालेला माणूस. दोन महिने त्या तसबिरी माझ्याजवळ होत्या आणि त्या कुणी टाकानं काढल्या असाव्यात असं मी समजत होतो. तू पाण्याला उठलेला माणूस. पिंपावरची छिन्नी-हातोडी तशीच टाकून आला होतास आणि पाच मिनिटांत तीनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा हात ओळखलास. मला तेव्हा तुझा हेवा वाटला. अभिमान वाटायला पुढं बरीच वर्षं गेली, पण आज तोच उरला आहे.

तू बोट कागदाला न लावता गालावरून फिरवत होतास. "एकबी रेघ आडवी नाही. नुसत्या बाजूबाजूच्या रेघाइनं गाल गोल केला. याले मानलं."

मला वाटलं सरदाराला म्हणतोस. तू कोरणाऱ्याला म्हणत होतास. मग खालच्या अगदी बारीक अक्षरांवर बोट धरून विचारलंस, "हे काय लिवलं?"

साहेबाच्या यादीच्या तळाची टीप मी तेव्हाच पहिल्यांदा वाचली. "डाव्या कोपऱ्यात चित्र काढणाऱ्याचं नाव आहे आणि उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं."

"कोरनाऱ्याचं?"

"हो."

"नाव टाकत होते त्याचं?"

पुन्हा हो म्हणालो. तू उठलास आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवीसही तसबिरींचे खालचे कोपरे पाहत गेलास. एक-दोन तसबिरींत चित्र काढणारा आणि कोरणारा एकच होता. पण कोरणाऱ्याचं नाव एकीतही सुटलं नव्हतं. परत येऊन खाली बसलास आणि पिंपाला लागलास.

पुढच्या रविवारी तू आलास तो सुताराची मोडकी तिकोनी कानस घासून केलेलं हत्यार घेऊनच. मागे तळहातात बसेल अशी लाकडी गोळी. कुणी शिकवलं नव्हतं. तसबिरीतल्या रेघेवरून तू हत्याराचं टोक ओळखलं होतंस. फुटक्या परातीचे पत्रे घासून घासून तू त्यांच्यावर रेघा ढकलायला लागलास. पहिले काही महिने हत्यार सटकायचं आणि डाव्या हाताच्या बोटात जायचं. मग एका सकाळी तू वाळू भरलेली कातडी पिशवी आणलीस, पत्रा तिच्यावर ठेवलास आणि माझ्याकडं पाहून असा हसलास की जणू कुणी परदेशाहून पत्र धाडलं आहे.

"हात नाही फिरवाचा, मास्तर. पत्रा फिरवाचा. हात आपला जाग्यावर."

ती गोलाई मी डोळ्यांनी पाहिली. पितळेतून केसासारखी तार सुटत होती आणि मागे रेघ उरत होती, सुरुवातीला काही नसल्यासारखी, मग भरत गेलेली. ड्रॉइंगच्या वर्गात, कमळं आणि सुरया काढलेल्या फळ्यासमोर, मी एका मोठ्या कारागिराला शिकताना पाहत होतो आणि ते मला कळत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती.

दीड वर्षात तू सेनापतीची जाळीदार गळपट्टी जशीच्या तशी उतरवलीस. आपण दोघं जिला 'मोतीवाली' म्हणायचो त्या सरदारणीचा गालही जमला. मी म्हटलं, आता आपला एखादा राजा कोरू. तू पत्र्यावरून नजर न काढता म्हणालास, "राजाचं मले काय? माही याडी कमी हाय काय?"

मग आपण तुझ्या आईला बसवलं. सोनीबाई, सगळ्या तांड्याची याडी. तिच्या सासऱ्यापर्यंत घराण्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलेलं. ती कानांजवळ केसांत गुंफलेला टोपली हा चांदीचा दागिना, त्याखाली झुलणाऱ्या घुगऱ्या म्हणजे बारीक घुंगरं, गळ्यात हांसली आणि नाकात भुरिया, अशी पूर्ण साज घालून निंबाखाली बसली. मी चित्र काढत होतो आणि ती फ्रान्सच्या कुठल्याही सरदारणीपेक्षा ताठ होती.

"हलू नका, याडी."

"मी कायले हलू? तुमचीच पेन्सल हलून राह्यली."

चित्र माझं होतं. ते चांगलं होतं, हेही सांगतो, कारण आज खरं बोलायला बसलो आहे तर तेवढं तरी लपवू कशाला? पण चित्र म्हणजे तसबीर नव्हे. तू तो पत्रा रोज घरी नेऊन दिवा लागायच्या आत जेवढा होईल तेवढा कोरलास. तो भरला, तेव्हा छापायचा कसा हा प्रश्न आला. छापखान्याच्या यंत्राला ते काम येईना. खोल रेघेतली शाई वर यायला दाब हवा. तूच तोड काढलीस. चांदीचा पत्रा लाटायचं सोनाराचं हातानं फिरवायचं यंत्र. आपला पत्रा हातभरही रुंद नव्हता, वीतभरसुद्धा नाही, तो त्यात बरोबर बसला. जवसाचं तेल उकळून त्यात काजळी खलली, ती शाई रेघांत भरली, जुन्या धोतराच्या फडक्यानं वरची पुसली, ओला कागद, त्यावर घोंगडीचा तुकडा.

सोनार कुरकुरत होता. "माह्या यंत्राले काजळ लागलं तं उद्या गिऱ्हाइकाची चांदी काळी निंगन."

"धुवून देतो ना बाप्पा," तू म्हणालास. "तुह्या यंत्रातून आजवर अशी बाई निंगाली नसन."

कागद उचलला आणि सोनारसुद्धा यंत्र सोडून पुढं वाकला. याडी तिथं होती. काळ्या रेघांची, पण चांदीची चकाकी असलेली. आपण दोघं ओला कागद पाटीवर धरून तसेच तांड्यावर गेलो. याडीनं पाहिलं. हात लांब करून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं.

"चांगली हाय. पन ही कोन बाई हाय?"

"तूच ना, याडी!"

"माही भुरिया तं डाव्या नाकात हाय. हिची उजव्या."

तू जो हसायला लागलास तो खाली बसेपर्यंत. वीस वर्षं सरळ कोरलेलं. भांड्यावर जे कोरलं तेच दिसतं, भांडं काही कागदावर उलटत नाही. एवढी तयारी करून, तेवीस तसबिरी रेघेरेघेनं वाचून, उलटं कोरायचं असतं हे तुझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि माझ्याही. "तुमी तं शिकेल मानूस, मास्तर! तुमाले बी नाही समजलं?" म्हणत तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. आयुष्यात तेवढी एकदाच. तू मला शेवटपर्यंत तुम्ही म्हणालास आणि मी तुला पहिल्या दिवसापासून तू. तेही आज लिहिताना डोळ्यांत खुपतं.

दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. तू नवा पत्रा घासलास. मी चित्र खिडकीच्या काचेवर उलटं धरून मागून गिरवून दिलं. होळीपासून पोळ्यापर्यंत तू तो दुसरा पत्रा कोरलास, आणि तो पहिल्यापेक्षा इतका सरस झाला की पहिली चूक झाली हे बरंच झालं असं मला वाटलं. घुगऱ्यांच्या प्रत्येक दाण्यावर उजेडाचा ठिपका तू न कोरता सोडला होतास. कोरायचं काय हे पुष्कळांना समजतं. सोडायचं काय, हे तुला त्या सरदारांच्या गालांनी शिकवलं होतं.

राहिली फक्त अक्षरं.

मी ती कागदावर उलटी काढून दिली. मधोमध याडीचं नाव. छापल्यावर डावीकडे येणाऱ्या कोपऱ्यात माझं, चित्र काढणारा म्हणून. उजवा कोपरा मी कोरा ठेवला होता.

तू कागद पाहिलास. "उजवा कोपरा?"

"तो राहू दे सध्या. नागपूरला सरकारी प्रदर्शनात पाठवायचं आहे. तिथं शिक्षकाचंच काम घेतात. दुसरं नाव दिसलं तर परत धाडतील. पुढच्या खेपेला घालू."

तू माझ्याकडं थोडा वेळ पाहिलंस. "तुमाले मालूम," म्हणालास. "तसंबी भांड्यावर कोरनाऱ्याचं नाव कोन टाकते?" आणि पिशवीवर पत्रा ठेवून माझं नाव कोरायला घेतलंस. उलटं, एकेक अक्षर, याडीच्या डोळ्यांइतकंच जपून.

प्रदर्शनाचा फॉर्म तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होता. त्यावर दोन रकाने होते. रेखाटन कोणाचे. कोरीव काम कोणाचे. शिक्षकाचंच काम घेतात असं त्यात कुठंही नव्हतं. ते मी तुला बनवून सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मी दोन्ही रकान्यांत माझं नाव लिहिलं.

कारण सांगतो. माझ्या बरोबरीचे लोक नागपूर-मुंबईला नावाजले गेले आणि मी इथं पोरांच्या सुरयांच्या बाजू सारख्या करत बसलो. एकदा तरी काही माझ्या एकट्याचं असावं असं वाटलं. हे कारण मी मनाशी पुष्कळदा घोळवलं आहे, आणि ते पुरं नाही. पुरं असं, की ओट्यावर बसणाऱ्या तांड्यावरच्या माणसाचं नाव माझ्या नावाच्या ओळीत, तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच आकाराचं, हे मला सोसवलं नसतं. फ्रान्सच्या दरबाराला सोसवलं. मला नाही.

पदक आलं. शाळेत सत्कार झाला. तू मागच्या बाकावर याडीला घेऊन बसला होतास. हेडमास्तर बोलत होते, 'आमच्या गुरुजींनी स्वतःच्या हातानं पितळेवर', आणि तू टाळी वाजवलीस. तुझी टाळी मी सगळ्यांत वेगळी ओळखली. घट्टे पडलेल्या हातांची टाळी वेगळी वाजते.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे आणि ती लिहिताना मला दोनदा उठावं लागलं. सत्कारानंतर वर्षभरानं नागपूरच्या कलाशाळेतले एक गृहस्थ शाळा पाहायला आले. त्यांनी तसबिरीवर भिंग धरलं, बराच वेळ धरलं. "मास्तर, हे काम सध्या आपल्याकडं कुणी करत नाही. जरा हत्यार चालवून दाखवाल का?" तू त्याच व्हरांड्यात शाळेचे पेले कोरत होतास. हेडमास्तर माझ्याकडं पाहत होते. मी तसबिरीची चौकट सरळ करू लागलो.

तू खालूनच म्हणालास, "मास्तरचा हात दुखून राह्यला, साहेब. पडले होते ना परवा."

त्या गृहस्थांनी वळून तुझ्याकडं पाहिलं. पेला हातात घेतला. "तुझाही हात चांगला आहे रे. कुठं शिकलास?"

"मास्तरनंच शिकवलं."

ते गेल्यावर तू पेल्यावरची उरलेली दोन अक्षरं पुरी केलीस, फुंकर मारून पितळेचा भुसा उडवलास आणि निघालास. मी तुला हाक मारायला हवी होती. व्हरांड्यातून फाटकापर्यंत जायला माणसाला किती वेळ लागतो? तेवढा सगळा वेळ माझ्याजवळ होता.

त्यानंतर तू पत्र्याला हात लावला नाहीस. मी एकदा म्हटलं, दुसरी तसबीर करू, आता दोन्ही नावं घालू. "डोये बसले, मास्तर," म्हणालास. दुसऱ्याच दिवशी कासाराच्या ओट्यावर तू अत्तरदाणीएवढ्या डबीवर वेल कोरत होतास, मुंगीला चढता येईल असा. मी पाहिलं, तूही मला पाहताना पाहिलंस. आपण दोघांनी नमस्कार केला.

आपला एकच वाद झाला, तोही अर्धवट. महागावला जाणाऱ्या बसची वाट पाहत थांब्यावर उभे होतो. तू अचानक विचारलंस, "मास्तर, ते तुमचे फ्रान्सचे लोक खरंच मोठे होते काय?"

"मोठेच. राजाच्या खालोखाल."

"सरदाराइचं नाही इचारून राह्यलो. त्याइले काय, बसाचंच होतं. मी म्हंतो, कोरनाऱ्याचं नाव टाकू देल्लं त्याइनं. काहून देल्लं असन?"

"तिकडची रीत होती."

"रीत कोनंतरी पयल्यांदा पाडली असन ना?"

मी म्हणालो, "बस आली." बस खरोखर आली होती. पण ती आली नसती तरी मी तेच म्हटलं असतं.

गेल्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो. याडी खाटेवर बसली होती. दिसायला कमी येतं आता तिला, पण बसणं तसंच. मी खाली बसलो आणि हे सगळं सांगितलं. दोन रकान्यांचंही सांगितलं.

"मले काय सांगता, मास्तर? पोरगा माह्या पुढंच बसून कोरत होता. मी आंधी नव्हती तवा."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मी म्हटलं त्याले. म्हटलं, जातो अन् गावात सांगतो मी. तो म्हने, नको याडी. मास्तर मनाचा वाईट नाही. त्याले जमन तवा तोच सांगन. तू मंधात नको पडू." मग तिनं माझ्या दिशेनं मान वळवली. "लय वाट पायली त्यानं. तुमी उशीर केला."

मी मान खाली घातली.

"मले सांगून काय होते आता? गावाले सांगा." आणि खाटेखालून तिनं तुझी हत्यारांची थैली काढून माझ्या हातात दिली. "अन् त्याचं नाव जिथं पायजे होतं तिथं टाका. दुसऱ्या कोनाले नका सांगू टाकाले. तुमीच टाका."

हेडमास्तरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. "माणूस गेला, गुरुजी. आता हे कशाला? पदक जाईल, परीक्षक म्हणून तुमची नेमणूक आहे तीही जाईल. शाळेची शोभा होईल ती वेगळीच." मी म्हटलं, पदक कालच परत पाठवलंय, सोबत पत्रही आहे. हा लेख वार्षिकात छापायचा की नाही ते तुम्ही ठरवा. छापला नाहीत तर मी बाजारात ओट्यावर उभा राहून वाचेन. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणत होतो.

थावराभाऊ, तुझं नाव घालायला मला पाच दिवस लागले. फुटक्या परातीवर शंभरदा कोरलं. हत्यार सटकून अंगठ्यात गेलं, तेव्हा तुझी पहिली वर्षं आठवली. हात फिरवायचा नाही, पत्रा फिरवायचा, हे मी पाठ म्हणत होतो आणि तरी हातच फिरत होता. थ अर्ध्यावर अडला. राठोडमधला ठ बटाट्यासारखा झाला. तू एका दमात भरत नेलेल्या रेघांशेजारी माझ्या रेघा भ्यालेल्या दिसतात. त्या तशाच राहू दिल्या. त्या कोपऱ्यात भिंग धरून तासन् तास बसल्यामुळं एक मात्र झालं, तुझं काम मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. याडीच्या डाव्या गालावर एक रेघ आहे, हनुवटीपासून निघून कानाजवळच्या टोपलीत विरणारी. कुठं संपते ते भिंगातूनही सापडत नाही. त्या तेवीस जणांत असा गाल एकाचाही नाही. हे मी प्रेमानं म्हणत नाही, थावराभाऊ. तेवीसही शेजारी ठेवून पाहिलं आहे.

सोनाराच्या यंत्रातून दोन नवे ठसे काढले. एक याडीला दिला. तिनं बोटांनी कागद चाचपला, खालचा उजवा कोपरा विचारला आणि तिथं बोट ठेवून बसली. दुसरा हॉलमध्ये लावला, जुना काढून टाकला.

आज सकाळी हेडमास्तर हॉलमध्ये आले. मग चष्मा पुसून घातला आणि तसबिरीच्या खालच्या कडेला वाकले.

"गुरुजी, हे नाव त्याचं आहे, पण अक्षर त्याचं वाटत नाही. इतकं वाकडं तो कधी कोरत नसे."

"नाही, सर. तेवढं मी कोरलंय," मी म्हणालो. "बाकी सगळं त्यानं."